आम्ही टीव्ही बघत नाही

आमच्या मेव्हण्यांनी केबल काढली. कुटुंबाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळासोबत्यांचा ग्रुप, जिथे पाहावं तिथे ही बातमी आमच्या आधी पोहोचलेली. सोबत उपटलेल्या वायरीसकट सेट टॉप बॉक्सचा फोटो आणि खाली ‘अखेर सुटका!’ डोंबिवलीत माणूस नोकरीतून निवृत्त होतानाही एवढा गाजावाजा करत नाही.

कारण अर्थातच पैसे. महिन्याला चारशेच्या आसपास बिल येत होतं आणि ‘त्यातले निम्मे चॅनल मी आयुष्यात लावले नाहीत, भावोजी’ हे त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. पण मेव्हण्यांची ही पहिली क्रांती नव्हे. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायने नवी दरपद्धत आणली, हवे तेवढेच चॅनल घ्या म्हणाले, तेव्हाही मेव्हणे छापील यादी आणि लाल पेन घेऊन बसले होते. मग उलगडलं की पहिल्या शंभर चॅनलांसाठी नुसतं भाडंच 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे विकतचा एकही चॅनल न घेता 153 रुपये 40 पैसे, आणि त्या शंभरात दूरदर्शनची सक्तीची भरती. पॅकमध्ये घालायचा चॅनल 19 रुपयांपेक्षा महाग नको, असा नियम होता. योगायोग बघा, बडे बडे चॅनल नेमके 19 रुपयांचेच निघाले. सुटे घेतले तर बेरीज फुगायची, पॅक घेतलं तर नको असलेले दहा चॅनल गळ्यात. शेवटी त्यांनी पॅकच घेतलं आणि यादी रद्दीत गेली.

यावेळचा हिशेब त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे मांडला होता आणि तो मला समक्ष दाखवण्यात आला. त्या हिशेबात बेरीज फारशी नव्हती, भर सगळा भागाकारावर. अ‍ॅमेझॉन प्राइम वर्षाला 1499, भागिले बारा, भागिले तीस, म्हणजे दिवसाला चार रुपये. ‘चार रुपयांत हल्ली कटिंगसुद्धा मिळत नाही!’ नेटफ्लिक्सपुढे 149 लिहिलं होतं. तो प्लॅन मोबाइल आणि टॅबवरच चालतो, टीव्हीवर बघायचं तर 199, एकाच वेळी घरातल्या दोघांना बघायचं तर 499, आणि फोर-के हवं तर 649, हे पाकिटावर नव्हतं. फोर-के मात्र हवंच होतं, कारण याच कामासाठी पंचावन्न इंची टीव्ही आणला होता. त्या टीव्हीचा हप्ताही पाकिटावर नव्हता. (‘तो जुना तसाही गेलाच होता.’) नेटचं बिलही नव्हतं. (‘नेट तर घरात लागतंच.’) उरलेली अ‍ॅपं वार्षिक आहेत, ती दिवाळीच्या खर्चात धरली होती. अशा रीतीने महिना दीडशे रुपयांची घसघशीत बचत सिद्ध झाली.

पूर्वी मेव्हण्यांचा नेटफ्लिक्सवर खर्च शून्य होता, कारण पासवर्ड पुण्याच्या भाच्याचा. जुलै 2023 मध्ये कंपनीने भारतात जाहीर केलं की एक खातं म्हणजे एक घर. आपल्याकडे भाचा, त्याचा रूममेट, रूममेटची ताई आणि ताईचं सासर मिळून एकच घर असतं, हे कॅलिफोर्नियात कोण कुणाला समजावणार?

केबलवर त्यांचा दुसरा राग जाहिरातींचा होता. 17 जून 2025 पासून प्राइम व्हिडिओवरही जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर महिन्याला 129 रुपये वेगळे, किंवा वर्षाला 699. केबलवर जाहिरात बघायचे पैसे नव्हते, इथे न बघायचे आहेत, एवढा फरक. मी हे सुचवून पाहिलं. मेव्हणे म्हणाले, ‘ह्या जाहिराती क्वालिटीच्या असतात.’

मग फायबर जोडायचा दिवस उजाडला. कंपनीचा माणूस येणार म्हणून वहिनींनी हॉल आवरून ठेवला होता. बेल वाजली. दारात शिडी आणि वायरचं भेंडोळं घेऊन उभा कोण, तर आपला नेहमीचा केबलवाला. त्यानेही धंदा बदलला होता. गल्लीतल्या त्याच आंब्यावरून, त्याच जिन्याच्या खिडकीतून, त्याच भोकातून त्याने नवी वायर आत घेतली आणि पैसे मात्र आधीपेक्षा जास्त सांगितले. ‘साहेब, आता नेट आपलंच घ्या. वर ओटीटीचं पॅक टाकून देतो, सोळा अ‍ॅप. चॅनल पण पाहिजे तर त्यातच लावून देतो.’ मेव्हण्यांनी त्याला चहा पाजला. क्रांती अशी, तर प्रतिक्रांती कशी असेल!

खरी पंचाईत वहिनींच्या आईंची झाली. त्यांच्या लेखी टीव्ही म्हणजे रिमोटवरची तीन बटणं आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. आहेत ती चार कंपन्यांची चार रंगीत बटणं. कुठलंही दाबलं की पडदा विचारतो, कोण बघतंय? आई पहिल्या दिवशी घाबरून म्हणाल्या, ‘मी बघतेय, नलूची आई.’ त्यांनी चुकून भलतंच काही लावू नये म्हणून जावयांनी त्यांना लहान मुलांच्या प्रोफाइलवर घातलं. तिथे त्यांची मालिका सापडेना. एक गुलाबी डुक्कर सापडलं. ऐंशीच्या घरातली ती माउली दोन संध्याकाळी निमूटपणे ते डुक्कर बघत बसली आणि तिसऱ्या दिवशी विचारती झाली, ‘ह्याच्यात सासू कधी येते?’

हल्ली नातू त्यांना मालिका लावून देतो. बाणाचं बटण दाबत पडद्यावरून एकेक इंग्रजी अक्षर वेचायचं. तोवर वेळ निघून जाते, पण अ‍ॅपवर वेळ नसतेच, हाच तर त्याचा मोठेपणा. फक्त आईंची मैत्रीण खालच्या मजल्यावर केबलवर तोच भाग आधी बघते आणि जिन्यात सगळं सांगून टाकते. काही अ‍ॅपांवर जादा पैसे भरले की भाग टीव्हीच्याही आधी दिसतो. आईंच्या जिन्यातल्या इभ्रतीसाठी जावयांनी तेही भरले.

क्रिकेटमध्ये गोष्ट उलटी होते. स्ट्रीमिंग केबलच्या मागे चालतं, कधी वीस सेकंद, कधी चाळीस. शेजारच्या जोशांकडे अजून डिश आहे. आमचे मेव्हणे फोर-केमध्ये गोलंदाजाच्या कपाळावरचा घाम मोजत असतात आणि भिंतीपलीकडून आरोळी येते. कळतं की आता विकेट पडणार आहे. कुणाची, कशी, एवढंच बघायचं उरतं. उत्कंठा ही जुनाट गोष्ट आहे, ती केबलबरोबर गेली म्हणायचं.

पण मला सगळ्यात कौतुक वाटतं ते वसुलीचं. केबलवाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन यायचा. त्याला ‘साहेब घरी नाहीत’ सांगता यायचं. ‘मागच्या रविवारी मॅचमध्येच चॅनल गेला होता’ असं म्हणून पन्नास रुपये कापता यायचे. सोसायटीतल्या निम्म्या बायकांचा बाणेदारपणा त्याच्यावर पोसला गेला. आता यूपीआयचं मँडेट असतं. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तसं कळवतातही. कर्ज घ्या, पॅन अपडेट करा, तुमचं पार्सल अडकलंय, अशा तीस संदेशांच्या मध्ये एकतिसावा तो असतो. मेव्हण्यांनी एका कोरियन मालिकेसाठी एक अ‍ॅप महिनाभरापुरतं घेतलं होतं. मालिका संपली, तिच्यातला नायकही मेला, अ‍ॅपचे पैसे चालूच आहेत. बंद करायचं बटण सेटिंगमध्ये आहे म्हणतात. आणि भांडायचं कुणाशी? चॅटवर एक यंत्र येतं, नमस्कार करतं आणि तुमचा अनुभव पाच ताऱ्यांत सांगा म्हणतं.

एवढं होऊनही मेव्हणे प्रसन्न आहेत, आणि यातच या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. त्यांना पैसे वाचवायचेच नव्हते. त्यांना लग्नामुंजीत, भिशीत, लोकलच्या ग्रुपमध्ये एक वाक्य म्हणायचं होतं, ‘आम्ही टीव्ही बघत नाही.’ ते वाक्य केबल असताना म्हणता येत नाही. भिंतभर टीव्हीसमोर रोज चार तास बसून ते म्हणायची सोय स्ट्रीमिंगने केली, त्याची किंमत म्हणून महिना दीड हजार काही जास्त नाहीत. आता तर ‘सगळी अ‍ॅपं एकाच ठिकाणी, एकच बिल’ अशी योजना डिशवालेच विकतात. मेव्हण्यांचा तिच्यावर डोळा आहे. त्यातही म्हणे पॅक निवडायची असतात.

परवा मी सहज म्हटलं, दादा, खरंच पैसे वाचवायचे असतील तर दूरदर्शनची फ्री डिश आहे की. 2004 सालापासून चालू आहे. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, पुढे महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, मँडेट नाही. सह्याद्री दिसते, मराठी सिनेमांचे चॅनल दिसतात, बातम्या तर नको तितक्या. देशात कोट्यवधी घरांत ती चालते. आपल्या सोसायटीतही आहे, वॉचमनच्या खोलीवर.

मेव्हण्यांनी लग्नपत्रिकेचं पाकीट पुढे ओढलं, पेन उघडलं आणि थांबले.

‘महिन्याला शून्य?’

‘शून्य.’

‘मग त्यात वाचवायचं काय, भावोजी?’