भांडण फुकट, तिकीट महाग

अहो काकू, गॅस बारीक करून जरा कुंपणापाशी या बघू. एक भानगड सांगायचीय. नाही हो, आपल्या गल्लीतली नाही, पार अमेरिकेतली.

तो बॉक्सर माइक टायसन आठवतो ना? हो हो, तोच. १९९७ साली लढतीत समोरच्या होलीफिल्डचा कान चावलेला. त्याने वयाच्या ५८व्या वर्षी २७ वर्षांच्या पोराच्या एक सणसणीत थोबाडीत दिली. लढतीत नाही हो! लढतीच्या आदल्या दिवशी, वजन करायला बोलावलं तेव्हा, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. ती थोबाडीत जगभर फिरली. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लढतीत मात्र आठ फेऱ्यांत मिळून त्याचे १८ ठोसे लागले. मोजायला माणसं ठेवलेली असतात, त्यांचाच आकडा आहे हा.

पोरगा कोण म्हणता? जेक पॉल. यूट्यूबवर व्हिडिओ करून नावारूपाला आलेला. १५ नोव्हेंबर २०२४, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम. पुरुषांच्या फेऱ्या तीन मिनिटांच्या असतात, या दोघांसाठी दोन मिनिटांच्या केल्या. एवढ्या वजनाच्या गड्यांना १० औंसांचे हातमोजे देतात, यांना १४ औंसांचे दिले, म्हणजे मार तेवढा मऊ. तरी कागदोपत्री ती रीतसर व्यावसायिक लढत! नेटफ्लिक्स म्हणतं, ६ कोटी घरांनी पाहिली. त्यातलं एक घर आमचं. शनिवारी सकाळी आमचे हे आणि चिरंजीव टीव्हीसमोर जे बसले ते उठेचनात, पोहे तिथे नेऊन दिले. संपल्यावर दोघंही चिडलेले, ‘फसवलं!’ मी म्हटलं, फसवलं कसं? जाहिरात थोबाडीतीची होती, ती तुम्ही कालच पाहिलीत.

खरं सांगू का काकू, आपण दोघी कुंपणावर जे फुकट करतो, तेच ही मंडळी तिकीट लावून करतात. पत्रकार परिषद म्हणायचं आणि एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. नाकाला नाक लावून उभं राहायचं. मध्येच खुर्ची फेकायची, रखवालदारांनी दोघांना आवरायचं. खरा राग किती, ठरवून किती, हे त्यांच्या घरच्यांनाही कळत नसेल.

आता हे काही आजचं नाही बरं का. डॉन किंग म्हणून एक प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, होता, केस विजेचा झटका बसल्यासारखे उभे. मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुरुंग भोगून १९७१ला सुटला आणि १९७४ला त्याने मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची लढत जमवली. दोघांनाही ५०-५० लाख डॉलर कबूल करून बसला. खिशात दमडी नाही! मग पैसे कुणी दिले? आफ्रिकेतल्या झाईरचा हुकूमशहा मोबुटू. देशाचं नाव जगाच्या तोंडी यावं म्हणून. त्यात सरावात फोरमनच्या डोळ्यावर खोक पडली, लढत पाच आठवडे पुढे ढकलली, आणि तेवढे दिवस अलीला बोलायला मोकळं रान मिळालं. शेवटी तिथल्या किन्शासात पहाटे चारला लढत, का तर अमेरिकेतल्या लोकांना रात्री बघता यावी म्हणून. पण काकू, तिथे बोलण्याइतकीच लढतही तोलामोलाची झाली. अलीने दोरांना टेकून फोरमनला दमवला आणि आठव्या फेरीत आडवा केला. पन्नास वर्षं झाली तरी लोक तिच्याबद्दल बोलतात.

किंगचं पुढे? तेच तर. पुढे याच टायसनने त्याच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लावला, माझे पैसे लाटले म्हणून. २००४ मध्ये १ कोटी ४० लाखांवर तडजोड झाली. मार एकाने खायचा, हिशेब दुसऱ्याने ठेवायचा, मग दुसरं काय होणार? अमेरिकेत २००० साली अलीच्याच नावाने कायदा करावा लागला. प्रमोटरने बॉक्सरच्या मॅनेजरच्या व्यवहारात हात घालायचा नाही, आणि लढतीतून किती मिळाले ते बॉक्सरला सांगायचं.

जगज्जेता कोण, हे विचारू नका बाई. चार संघटना, प्रत्येकीचा वेगळा पट्टा, सतराएक वजनगट. एकाच वजनात चार-चार जगज्जेते हिंडत असतात! त्यात प्रत्येक प्रमोटरचा स्वतःचा गोतावळा, बहुतेकांचं ठरलेलं चॅनल. आपला गडी हरला तर त्याचा भाव पडतो, म्हणून समोर कोण उभा करायचा ते जपून ठरवतात. मेवेदर आणि पॅकियाओ या दोन नावाजलेल्या बॉक्सरांच्या लढतीची बोलणी २००९ला सुरू झाली. लढत कधी? मे २०१५! एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६चा. अमेरिकेत घरी बघायचे जवळजवळ १०० डॉलर, तरी ४६ लाख ठिकाणी घेतली. लढत एवढी मिळमिळीत, की लोक चिडले. आणि संपल्यावर पॅकियाओ म्हणतो, माझा खांदा आधीच दुखावला होता. आता सांगतोस होय रे?

लोक एकदा चिडतात, दोनदा चिडतात, तिसऱ्यांदा पैसेच काढत नाहीत. एचबीओ या चॅनलने पंचेचाळीस वर्षं बॉक्सिंग दाखवलं, २०१८ला बंद केलं. शोटाइम चॅनलने २०२३च्या शेवटी गाशा गुंडाळला. मग आले सौदी अरेबियाच्या सरकारातले तुर्की अलशेख. त्यांनी थैली अशी सैल सोडली, की एकमेकांचं तोंड न पाहणारे प्रमोटर एका टेबलावर बसले. मे २०२४ मध्ये रियाधला उसिक आणि फ्युरी लढले, उसिक जिंकला आणि १९९९नंतर पहिल्यांदा हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड गटाचा, एकच निर्विवाद जगज्जेता झाला. पंचवीस वर्षं जे बाजाराला जमलं नाही, ते एका देशाच्या पैशाने जमवलं. चांगलं झालं का? बघणाऱ्यांचं झालं. पण त्याच वर्षी त्यांनी ‘द रिंग’ हे १९२२पासूनचं बॉक्सिंगचं नामांकित मासिकही विकत घेतलं. लढती तुमच्या आणि त्यांची बरी-वाईट चर्चा करणारं मासिकही तुमचं! आता चुका कोण काढणार?

आपल्याकडे? आपल्याकडेही झालंय की. विजेंदर सिंग, बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला. ५ ऑगस्ट २०१७ला मुंबईत वरळीला त्याची लढत ठेवली चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी. आणि तेव्हा डोकलाममध्ये दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर! प्रचार करायला वेगळं डोकं लढवावंच लागलं नाही. विजेंदर जिंकला आणि जिंकल्यावर म्हणाला, सीमेवर शांतता नांदावी, मी हा पट्टा परत देतो. गावभर भांडण तापवलं, आणि सगळ्यात शहाणं बोलला तो मार खाऊन आलेला गडी. पुढे मार्च २०२१ मध्ये पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर रिंगण उभारलं. तिथे रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत विजेंदरला हरवलं, बारा विजयांनंतरची पहिली हार. सगळा खेळ एकाच नावावर उभा केला, तो हरल्यावर लोकांनी कुणाला बघायला यायचं? मागची फळी कुणी घडवलीच नाही. नीरज गोयत नावाचा हरियाणाचा मुलगा त्या टायसनच्या लढतीच्या आधी, त्याच रिंगणात लढला आणि जिंकला. तुम्ही ऐकलंत का त्याचं नाव? बघा, म्हणजे थोबाडीतवाल्यांची लढत सहा कोटी घरांत पोचली आणि आपल्या पोराचा विजय आपल्याच गल्लीत पोचला नाही.

त्या जेक पॉलला नुसती नावं ठेवूनही चालणार नाही हं. केटी टेलर आणि अमांडा सेरानो, दोघी अस्सल लढवय्या. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मुख्य लढत पहिल्यांदाच बायकांची झाली, ती यांची. सेरानोच्या बाजूने जमवाजमव या पॉलच्याच कंपनीने केलेली. टायसनच्या तमाशाआधी याच दोघी पुन्हा लढल्या, आणि रात्रीची खरी लढत तीच म्हणून लोकांनी नावाजली. जुलै २०२५ला मॅडिसनमध्ये तिसरी लढत, त्या दिवशी सगळ्याच लढती बायकांच्या. तमाशाची गर्दी चांगल्या खेळाकडे वळवता येते, करायचं मनात असेल तर.

पण गर्दीने अंगात बळ येत नाही हो. डिसेंबर २०२५ मध्ये हाच पॉल मायामीत अँथनी जोशुआसमोर उभा राहिला. जोशुआ दोनदा हेवीवेटचा जगज्जेता. सहाव्या फेरीत खेळ खलास, पॉलचा जबडा दोन ठिकाणी मोडला. जाहिरातीने माणूस रिंगणापर्यंत पोचतो, आत त्याचा त्याला मार खावा लागतो. म्हणून असल्या बेजोड लढतींना हसून सोडून देऊ नये, एखाद्याच्या जिवावर बेतायचं.

मी तर घरात नियमच केलाय. पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी बघायचं: दोघांची वयं काय, फेऱ्या किती आणि किती मिनिटांच्या, हातमोजे किती औंसांचे, आणि समोरचा गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाशी लढला. एवढं जुळलं तर खुशाल भरा, पोहे मी आणून देईन. नाहीतर भांडण फोनवर फुकट दिसतंच. तुमच्या नातवालाही सांगून ठेवा.