कॅमेऱ्याचा मानपान

कॅमेरा मोठा की कॅमेरामन, हा वाद पुण्या-मुंबईच्या लोकांनी खुशाल घालावा. आमच्या हदगावात तो कधीच निकाली निघाला. इथं लग्नाची ऑर्डर द्यायला मुलीचा बाप फोटोवाल्याच्या दुकानात शिरतो, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या फोटोंकडं ढुंकूनही पाहत नाही. त्याचा एकच प्रश्न असतो.

"कॅमेरा कितीचा हाय?"

"तीन लाखाचा, मामा. लेन्स येगळी."

"अन् ड्रोन?"

"हाय की."

"लिव्हा मग आपलं नाव."

झाला व्यवहार. बैल घेताना दात मोजणारे आमचे मामा इथं एक फोटोसुद्धा उलटून बघत नाहीत.

मीही आधी अडाणीच होतो. कॅमेरा फोटो काढायला असतो, असं धरून चाललो होतो. मग एका लग्नात डोळे उघडले. अंतरपाट धरला, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि वऱ्हाड सावध व्हायच्या आत नवरा-नवरीच्या समोर सात जण येऊन उभे राहिले. दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, एक दिवा धरणारा, एक छत्री धरणारा आणि एक नुसता 'सरका, सरका' म्हणणारा. अक्षता आम्ही त्यांच्या पाठीवर टाकल्या. ते सातही जण सुखाने नांदत असतील. नवरी कशी दिसते ते बाजूच्या एलईडी पडद्यावर पाहिलं. क्रेनचा कॅमेरा डोक्यावरून फिरला, तेव्हा फेटेवाल्या सोयऱ्यांनी अशा माना खाली घातल्या की त्या क्रेनचाच मानपान चाललाय असं वाटावं.

तेव्हा उलगडा झाला. नवरदेव घोड्यावर बसतो, त्याला काय दौड मारायची असते? तसंच कॅमेऱ्याचं आहे. तो फोटो काढायला आणलेला नसतो, चार लोकांत दिसायला आणलेला असतो. या हिशेबानं भाडं मोजणारा मामा अगदी बरोबर आहे आणि फोटोकलेवर व्याख्यान देणारे आपण येडे.

प्री-वेडिंगची तर गोष्टच न्यारी. एका जोडप्याला भर उन्हाळ्यात सहस्रकुंडला नेलं. पैनगंगेची धार तेव्हा सुतळीएवढी. पण ड्रोन भारीतला. त्यानं तिथले खडक इतके स्वच्छ टिपले की भूगर्भ खात्यानं मागवून घ्यावेत. त्यात नवरा-नवरीही आहेत म्हणतात. सापडले की कळवतो.

जुन्या फोटोवाल्यांची ही ऐपत नव्हती. गळ्यात याशिकाचा डबा, त्यात 120चा रोल आणि रोलमध्ये फोटो बारा. तेरावा नाही. त्यामुळं बिचाऱ्याला नाइलाजानं माणसांकडं बघावं लागे. मुलीची आई पदर कधी डोळ्याला लावणार, याचा अंदाज घेत उभं राहावं लागे. आता एका लग्नात हजारो खटके उडतात. ओंजळभर खडे झाडावर भिरकावले की एखादी कैरी पडतेच!

त्याहून मागं जायचं तर आपला हा मुलूख निजामाचा होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ. त्यांच्या उमेदवारीच्या काळात काचेवर ओलं रसायन चढवायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. म्हणजे अंधारखोलीसाठी तंबू सोबत आलाच. निजामानं 'राजा' हा किताब दिला तो या माणसाला. कॅमेऱ्याला साधी नवाबीसुद्धा नाही. दरबाराला वस्तूची कदरच नव्हती, दुसरं काय!

एवढं सगळं पटलं असताना मामांनीच घोळ केला. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं आपल्या रानात उभं राहून मोबाइलनं पिकाचा फोटो काढायचा, मग सातबाऱ्यावर पेरा चढतो आणि पुढं हमीभावाच्या खरेदीला तो पेरा लागतो. पिकाच्या चित्रावर पैसा उभा करायची विद्या तशी आपल्याकडं जुनीच. 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोपटं कसं वाढतं ते दिवसाला एकेक चौकट करत टिपलं आणि ते पाहून त्यांना सिनेमासाठी कर्ज मिळालं.

परवा मामा बांधावर भेटले. लेकीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह कपाटात साड्यांच्या घडीत आहे, अजून कुणी उघडला नाही. हातात मात्र काच तडकलेला मोबाइल होता.

"काल दुपारी काढला, तर पानं पांढरीफेक आली," मामा सांगू लागले. "मग आज सकाळचं ऊन धरलं. जरा खाली बसलो, तवा कुठं शेंगा दिसल्या."

मी हदगावच्या रिवाजाप्रमाणं विचारलं, "मामा, मोबाइल कितीचा हाय?"

मामा वैतागले. "त्याचं काय करता? सोयाबीन दिसायलंय का ते बगा की!"