लांडगीवाला

इटलीतल्या सिएनातला हा गृहस्थ एरवी बँकेच्या खिडकीमागे नाहीतर औषधांच्या दुकानात भेटतो. अत्यंत सभ्य. वाट चुकलेल्या पर्यटकाला थेट चौकापर्यंत सोडून येईल. पण 13 ऑगस्टला पियात्सा देल काम्पो या चौकात चिठ्ठ्या टाकून घोड्यांची वाटणी झाली, की 16 तारखेच्या शर्यतीपर्यंत त्याला पार्किंग कुठे आहे, हे विचारायला जाऊ नये.

शहरात सतरा मोहल्ले, म्हणजे कोंत्रादे. त्यांच्या सीमा 1729 साली आखल्या गेल्या आणि त्या याला सातबारा पाठ असावा तशा पाठ आहेत. हा 'लुपा'चा, म्हणजे लांडगीचा. शेजारी 'इस्त्रिचे', म्हणजे साळिंदर. हाडवैर!

बायको साळिंदरची.

शर्यतीच्या दिवसांत ती सरळ माहेरी जाते. रुसवा नाही, इथली रीतच तशी. मुलाचा बाप्तिस्मा कोणत्या मोहल्ल्याच्या कारंज्यावर करायचा, यावर मात्र रीतसर भांडण झालं होतं. ते कोण जिंकलं, हे तो सांगत नाही.

शर्यतीच्या दुपारी घोड्याला मोहल्ल्याच्या चर्चमध्ये नेतात. पाद्री आशीर्वाद देतो, 'जा, जिंकून ये' म्हणतो. घोड्याने तिथेच लीद टाकली तर शुभशकुन. टाकली, आणि लांडगीवाल्याचे डोळे पाणावले. बाहेरगावच्या पाहुण्याने नाकाला लावायला गळ्यातला रुमाल सोडला. तो साळिंदराचा निघाला. बिचाऱ्याने नुसते रंग बघून घेतला होता!

चौकाच्या मधोमध उभं राहायला पैसे पडत नाहीत. भर उन्हात तासन्‌तास उभं राहावं लागतं, एवढंच. स्वच्छतागृहाचा विषय पाहुण्याने काढू नये. त्यात शर्यत लवकर सुटेल तर शपथ. सतरांपैकी दहाच मोहल्ले धावतात. नऊ घोडे दोरापाशी दाटीवाटीने उभे राहतात आणि दहावा मागून दौडत आला की दोर पडतो. पण दहावा येतच नाही, कारण स्वारांची आपापसांत घासाघीस चाललेली असते.

"ही तर उघड लाचलुचपत!" पाहुणा म्हणतो.

"मग!" लांडगीवाल्याची छाती फुगते.

पुढे बिनखोगिराच्या घोड्यांवरून तीन फेऱ्या, जेमतेम सव्वा-दीड मिनिटांचा मामला. चाबूक बैलाच्या वाळवलेल्या लिंगाचा, आणि तो शेजारच्या स्वारावरही चालवता येतो. स्वार पडला तरी चालतं, घोडा पोचला पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये सेल्वा मोहल्ल्याचा रेमोरेक्स पाठीवर कोणी नसताना जिंकला. (स्वारांच्या मानधनाचा विषय तेव्हा निघाला असेल का?)

लांडगीने 1989 नंतर 27 वर्षं वाट पाहिली आणि 2016 साली जुलै-ऑगस्टच्या दोन्ही शर्यती मारल्या, दोन्ही वेळा प्रेत्सिओझा पेनेलोपे या घोडीच्या जोरावर. विजयाच्या मेजवानीत इथे घोड्यालाही मानाची जागा असते. लांडगीवाल्याच्या पाकिटात त्या पंक्तीचा फोटो आहे. लग्नाचा घरी असतो.

यंदा लांडगी कुठल्या कुठे मागे राहिली. तरी हा नाचतोय. पाहुणा चक्रावतो.

"अहो, साळिंदर दुसरं आलं!"

सिएनात शेवटच्या नंबराला लाज नसते, ती सगळी दुसऱ्याच्या वाट्याला. सांत्वन करावं म्हणून त्याने लगेच बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. त्याने पुन्हा लावला, आणि मग सासऱ्यांनाही.