तबकडी चालली चेन्नईला

विद्यार्थ्यांचा संघ परगावी निघाला की बरोबर एक शिक्षक लागतो, आणि संघात मुली असल्या की एक शिक्षिकाही. आमचे क्रीडा विभागाचे सर नेमके कबड्डीच्या पोरांना घेऊन बाहेर गेले होते. उरला मराठी विभाग. त्यातला माणूस चार दिवस गायब झाला तरी वेळापत्रकाच्या लक्षात येत नाही. तेव्हा मी आणि तपासायच्या जर्नल्सचा गठ्ठा पोटाशी धरलेल्या केमिस्ट्रीच्या मॅडम असे दोघे 'अल्टिमेट फ्रिस्बी'च्या संघाचे व्यवस्थापक म्हणून पुण्याहून चेन्नईच्या गाडीत चढलो.

खेळ काय आहे हे निदान गाडीत तरी समजून घ्यावे म्हणून मी कप्तानला बोलावले. कप्तान म्हणजे एस. वाय. बी.एस्सी.ची एक काटकुळी मुलगी. डिस्क हातात असताना पळायचे नाही, आपल्या माणसाकडे फेकायची, आणि समोरच्या टोकाच्या पट्ट्यात कोणी झेलली की गुण. मैदानावर सातजण, वाळूवर पाच.

"आणि पंच?"

"पंच नसतात, सर."

"म्हणजे या स्पर्धेत नाहीत?"

"जवळपास कुठेच नसतात. वर्ल्ड चॅम्पियनशिपलापण निर्णय खेळाडूच देतात. फाउल झाला असं वाटलं की आपणच म्हणायचं 'फाउल'. समोरच्याला पटलं तर प्रश्न मिटला. नाही पटलं तर तो म्हणतो 'कॉन्टेस्ट'. मग डिस्क मागच्या फेकणाऱ्याकडे परत आणि खेळ पुन्हा सुरू."

हा खेळ पुण्यात आणणाऱ्याच्या छातीचे मला कौतुक वाटले. रिक्षाच्या मीटरपासून श्रीखंडातल्या चारोळीपर्यंत ज्या गावात कशावरही अपील होते, तिथे म्हणे पंच नको!

दौंड मागे पडताच भूक लागली आणि पोरांनी डिस्क उलटी करून तीत चिवडा कालवला. कांदा, लिंबू, वरून शेव. १७५ ग्रॅमची तबकडी, आत त्याहून जड फराळ. मॅडमना हे अस्वच्छ वाटले, पण इतिहास पोरांच्या बाजूने होता. अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या माणसाची बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या ताटल्या रिकाम्या झाल्या की कॉलेजची पोरे त्या एकमेकांकडे भिरकावत. पुढे वॉल्टर मॉरिसनने प्लास्टिकची तबकडी केली, १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने ती विकायला काढली आणि १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या हायस्कूलमधल्या मुलांनी तिचा हा खेळ बसवला. ताटलीची तबकडी करायला अमेरिकेला काही दशके लागली. तबकडीची ताटली करायला आमच्या पोरांना दौंड ते कुर्डुवाडी एवढा प्रवास पुरला.

मॅडमनी अखेर चमचा घेतला. तेवढ्यात वरच्या बर्थवरून एका पोराने माहिती सोडली. आजच्या फ्रिस्बीला तिचे रूप देणारे एड हेड्रिक २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढल्या होत्या. मॅडमनी चमचा खाली ठेवला.

सोलापूरला एक काका चढले आणि माझ्या खालच्या बर्थवर हक्क सांगू लागले. मी तिकीट दाखवले, त्यांनीही दाखवले. आवाज चढले. कप्तान मध्ये पडली. "काका, सर फाउल म्हणतायत. तुम्हाला मान्य आहे का?"

"अजिबात नाही!"

"मग कॉन्टेस्ट. म्हणजे दोघांनीही मागच्या स्थितीला जायचं."

"मागच्या म्हणजे? सोलापूरच्या फलाटावर उतरू का?"

काकांचा डबा पुढचा होता असे निघाले. पण त्यांच्या पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी होती, त्यामुळे वाडी जंक्शन येईपर्यंत त्यांना कोणी ते सांगितले नाही.

चेन्नई सेंट्रलसमोरून लोकल धरून तिरुवान्मियूरला पोहोचलो. वाटेत चेपॉक स्टेशन लागले, तेव्हा माझी मान आपोआप स्टेडियम शोधायला वळली. पोरे मात्र झाडांची पाने कुठे हलतात हे पाहत होती. वारा! त्यांना दुसरी काळजीच नव्हती.

काळजी रास्त होती, कारण सामने किनाऱ्यावरच्या वाळूत होते. शिवाय सूर्याचाही घोळ होता. आपला समुद्र संध्याकाळचा. सूर्य त्यात बुडतो आणि आपण भेळ खातो. इथे तो सकाळी समुद्रातून वर आला आणि थेट आमच्या बचावफळीच्या डोळ्यांत शिरला. पहिल्याच फेकीला आमची डिस्क वाऱ्यावर उठली, प्रतिस्पर्ध्यांवरून गेली, प्रेक्षकांवरून गेली आणि ओढून ठेवलेल्या होड्यांपलीकडे पडली. तिथे जाळे सोडवत बसलेल्या एका पोराने ती उचलली, मनगटाला झटका दिला आणि बसल्या बसल्या सरळ कप्तानच्या हातात आणून दिली. आमचा संघ गप्प झाला. मग कळले की या किनाऱ्यावरची मुले हा खेळ फार वर्षे खेळतात. चेन्नईच्या एका संघावर '१७५ ग्रॅम्स' नावाचा लघुपटही आहे. सामना १३-२ असा सुटला. यातले दोन आमचे.

पण चर्चेत आम्ही मागे हटलो नाही. पाय रेषेच्या आत होता की बाहेर, यावर लायब्ररीत पडीक असणाऱ्या आमच्या एका पोराने कलम, उपकलम आणि त्याखालची टीप तोंडपाठ म्हणून दाखवली. समोरचे तमिळमध्ये आपसात बोलले, आमचे मराठीत, आणि मधल्या इंग्रजीत फक्त 'फुट' आणि 'लाइन' एवढे दोन शब्द उरले. शेवटी कप्तानने मॅडमना विचारले, तुम्हाला काय दिसलं? मॅडम म्हणाल्या, "एकाच रीडिंगवर मी निष्कर्ष काढत नाही." तोवर लाटेने रेषाच पुसून नेली.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात आणि जिंकणारा हरणाऱ्याची स्तुती करतो. आपल्या साहित्य संमेलनात हे बसवून पाहायला हवे. त्यानंतर प्रत्येक संघ दुसऱ्याला वागणुकीचे गुण देतो: पाच बाबी, प्रत्येकीला शून्य ते चार. नियमांच्या ज्ञानात आम्हाला चार पडले. संवादात एक. त्यांचा कप्तान अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्हाला नियम फार छान येतात. थोडे कमी आले असते तर आणखी दोन पॉइंट खेळता आले असते."

आमच्या त्याच पोराने यावरही 'कॉन्टेस्ट' म्हटले.

परत आल्यावर पोरांच्या हजेरीसाठी ऑफिसात फॉर्म भरला. तळाशी एक चौकोन होता: 'मुख्य पंचांची सही व शिक्का'. कप्तानने थोडा विचार केला, मग पेन फिरवले आणि त्या बोटभर चौकोनात सगळ्या संघाने दाटीवाटीने सह्या केल्या. क्लार्कने चष्मा कपाळावर चढवून त्या पाहिल्या.

"यातले मुख्य कोण?"

"सगळेच," कप्तान म्हणाली.

"बरं," क्लार्क म्हणाला, "मग शिक्काही सगळ्यांचा आणा."