अकरा इकडे, अकरा तिकडे

नाना तुमच्याही सोसायटीत असणार. तिथे त्यांना अण्णा नाहीतर बापू म्हणत असतील, एवढाच फरक. पार्किंगमध्ये उकिडवं बसून, चष्मा कपाळावर सारून, दुसऱ्याच्या सायकलीचे क्रँक गदागदा हलवणारी ती मूर्ती तुम्ही लांबूनही ओळखाल. आमचे नाना बरोबर माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. माझी सायकल पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ करते हे माझ्याआधी त्यांना कळलं.

"बीबी गेलीय तुमची," ते खिडकीतून म्हणाले.

"असू दे हो, तेल सोडतो थोडं."

"तेल?" एवढं म्हणून ते चपला घालून खालीच आले. तेलानं आतलं ग्रीस धुऊन निघतं, पावसाचं पाणी सीटच्या नळीतून थेट बीबीत, म्हणजे दोन क्रँकमधल्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, उतरतं, एकच क्रँक हलला तर कॉटर पिन ढिली आणि दोन्ही एकदम हलले तर बीबी, हे सगळं मला जिन्यात उभं करून सांगण्यात आलं. मग त्यांनी माझे दोन्ही क्रँक हलवून दाखवले. संताप येतो तो याचाच, की हा माणूस चुकत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. कॉटरना रात्रीच रॉकेल पाजून ठेवलं होतं. (हल्ली रॉकेल कुठून मिळवतात, ते मी विचारलं नाही.) कॉटरचा नट पुरता काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी आणून ठेवायचा, वर लाकडाचा तुकडा धरायचा आणि मग हातोडी घालायची, म्हणजे आटे मरत नाहीत. आटे वाचले, सोसायटीची झोप मात्र मेली. सेक्रेटरी गॅलरीत येऊन काही बोलणार, तोवर क्रँक निघाला होता आणि नाना वर बघून ओरडत होते, "वहिनी, परात!"

बायकोनं कणकेची परात दिली. डाव्या बाजूची लॉकरिंग सुटली, कप सुटला, एक्सल बाहेर आला आणि काळ्या चिखलात माखलेले छर्रे परातीत टपटपले.

"मोजा," नाना म्हणाले.

पाव इंची छर्रे, अकरा इकडे, अकरा तिकडे. मी मोजले. एकवीस भरले. नानांनी मोजले. एकवीस. वॉचमनला बोलावून मोजायला लावले. त्याचेही एकवीस. मग शोधमोहीम निघाली. विमानतळावर निघालेल्या शेजाऱ्यांची गाडी टॉर्च मारून होईपर्यंत अडवून धरण्यात आली. अखेर बाविसावा उजव्या कपातच ग्रीसला चिकटलेला सापडला. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणून तो कप नाना सहसा काढत नाहीत, जागच्या जागी आतून पुसतात. बाविसावा हाती लागताच नानांनी समाधानानं मान हलवली आणि सगळे छर्रे कचऱ्याच्या डब्यात ओतले.

"अहो, हे काय?"

"जुने झिजलेले असतात. नव्यात एक जरी जुना मिसळला तरी भार सारखा पडत नाही."

"मग मोजले कशाला?"

"टाकतानासुद्धा मोजून टाकावं," नाना म्हणाले.

या बाविसापायी आम्ही काय काय सोसलंय! गणपतीत नैवेद्याच्या ताटाकडे बघून ते माझ्या आईला म्हणाले, "एक कमी दिसतोय." मोदक एकवीसच असतात हे त्यांना ठाऊक नाही असं नाही, पण राहवत नाही. क्रिकेट त्यांना आवडतं, कारण तिथेही अकरा इकडे, अकरा तिकडे, शिवाय खेळपट्टी बावीस यार्डांची. बारावा खेळाडू पाणी घेऊन मैदानात आला की ते अस्वस्थ होतात. १८६९ साली पॅरिस ते रूआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूर यानं छर्ऱ्यांचं बेअरिंग लावलेल्या सायकलीवर जिंकली, ही हकिकत ते बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही सांगतात. त्या बेअरिंगमध्ये छर्रे किती होते, हे सांगणारा इतिहासकार मात्र त्यांना अजून भेटलेला नाही.

३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा ॲटलस सायकलींचा कारखाना बंद पडला. नानांनी बातमी वाचली आणि दोन एक्सल आणून कपाटात ठेवले. बोलले काहीच नाहीत.

त्यांची खरी अडचण होते ती सिंहगडाच्या पायथ्याला जाणाऱ्या रविवारच्या मंडळींपाशी. त्यांच्या सायकलींना सीलबंद बीबी. खराब झाली की उघडायची नाही, अख्खी टाकायची, नवी बसवायची. नानांनी एकदा तशी जुनी नळी कानाशी धरून हलवून पाहिली. "आत किती आहेत, कुणी बघितलंय?" त्यावर कडी म्हणजे महागड्या कार्बन सायकली. आटेच काढून टाकले आणि बेअरिंग नुसती दाबून बसवली. मग त्या अशा कुरकुरायला लागल्या की बऱ्याच कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. हे कळलं त्या दिवशी नानांनी सोसायटीत पेढे वाटले. घरटी दोन, अकरा घरं. बाराव्या घराशी त्यांचं पाण्याच्या टाकीवरून भांडण आहे, हा निव्वळ योगायोग.

माणूस असह्य आहे, हे माझं मत आजही कायम आहे. फक्त त्या रविवारी नवे छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवताना ते आपणहून बोलले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नाना नऊ वर्षांचे, घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला. पाणी उतरल्यावर घरात उरला तो गाळ. भांडी गेली, आईचं शिवणाचं मशीन गेलं, भिंतीवरचे फोटो गेले. वडिलांची सायकल तेवढी गाळात रुतून राहिली होती. वडील कामगार, कारखान्यात सायकलनंच जायचे. त्यांनी ती उघडली, तसराळ्यात छर्रे काढले आणि पोराला म्हणाले, मोज. काय काय गेलं याची यादी त्या घरात कुणी केली नाही.

"बावीस भरले," नाना म्हणाले, आणि कप फिरवायला घेतला. क्रँक हलायचा थांबेल इतका घट्ट, पण हातानं फिरवला तर अडणार नाही इतका सैल. लॉकरिंग आवळताना कप जरासा सरकतोच, म्हणून पुन्हा सैल करून पुन्हा आवळला. असं तीनदा. मी पाना धरून बसलो होतो आणि मला घाई नव्हती, हे इथे नाइलाजानं नमूद करतो.

सायकल आता वाजत नाही. पण प्रकरण तिथे मिटलं नाही, कारण नव्या छर्ऱ्यांच्या पुडीत तेवीस निघाले होते. "राहू दे की, उपयोगी पडेल," मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. सोमवारी बस पकडून ते बुधवार पेठेतल्या दुकानात गेले आणि तो एक छर्रा गल्ल्यावर ठेवला. दुकानदाराला वाटलं, म्हातारबांना एवढाच बदलून हवाय. त्यानं अदबीनं नवा काढून दिला. आता नानांच्या खिशात दोन होते, आणि पुढचा पाऊण तास ते दुकान दुसऱ्या गिऱ्हाइकाला बंद होतं.