होय म्हाराजा, रोमात!

मालवणात राहणाऱ्या माणसाचं पर्यटकांविषयी एक ठाम मत असतं आणि ते फारसं बरं नसतं. जेटीवर रांगेत गोंगाट, बोट हलली की तोंडाला कुलूप आणि किल्ल्यात पाऊल टाकताच, 'इथं बघण्यासारखं काय आहे?' १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, तीन वर्षांत भर समुद्रात तट उभा राहिला, असं आपण पोटतिडकीने सांगावं आणि समोरच्याने विचारावं, 'परतीची बोट कधी?' घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागल्यापासून हे रोजचंच. म्हणून मुलाने तिकिटं काढली आणि आम्ही नवरा-बायको रोमला निघालो, तेव्हा विमानातच ठरलं, की आपण पर्यटकासारखं वागायचं नाही. आपण किल्ल्याच्या गावचे.

पहिल्याच सकाळी कोलोसियम. इ.स. ८० साली खुलं झालेलं, पन्नासेक हजार माणसं बसतील एवढं. गाइडबाई सम्राटांची वंशावळ सांगत होत्या आणि बायको मात्र भिंतीकडे बघत होती. दगडांना जागोजागी मुठीएवढी भोकं.

"ओ, भितीक ही भोकां कित्याक?"

प्रश्न रास्त होता. ते मोठे दगड एकमेकांना लोखंडी कड्यांनी जखडलेले होते. साम्राज्य बुडाल्यावर, मध्ययुगात, लोकांनी भिंत कोरून कोरून ते लोखंड काढून नेलं. हे ऐकून बायकोचा चेहरा खुलला. "म्हणजे भंगारवाले तेवापासून आसत!" आमच्या तटाच्या पायातही शिसं ओतलंय म्हणतात, पण ते पडलं समुद्रात. भंगारवाला तिथवर पोचणार कसा? बांधकामासाठी जागा निवडताना महाराजांनी किती लांबचा विचार केला होता, हे मला रोममध्ये समजलं.

तिथून फोरम. ऊन मालवणच्या वैशाखाला लाजवणारं, सावली नावापुरती आणि जिकडेतिकडे अर्धे खांब. रोमचा हा जुना भाग १९८० साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, आपला सिंधुदुर्ग २०२५ साली. म्हणजे नात्याने आता आम्ही यजमानांचे सोयरे. पण सोयऱ्याच्या घरीसुद्धा तासाभराने पाय दुखतातच. नाक उडालेल्या एका पुतळ्यापाशी बायको टेकली आणि म्हणाली, "हंय बघूसारख्या काय आसा?" मी उत्तर दिलं नाही. मी घड्याळ बघत होतो, जेवणाची वेळ झाली का म्हणून.

तहान मात्र रोमने राजेशाही भागवली. १८७४ पासून या शहराच्या रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ उभे आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीतून थंड पाणी अखंड वाहतं, पैसे नाहीत, रांग नाही. तोटीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून पाण्याची धार कमानीसारखी वर उडते. वाकायला नको, भांडं नको. एका पोराने ते करून दाखवलं आणि बायकोने पदर सावरून तिथंच तोंड धुतलं. किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं गोडं पाणी आम्ही कौतुकाने दाखवतो, तेव्हा पाहुणे हातातल्या बाटलीचा घोट घेत मान डोलावतात. इथे बाटल्या विकणारा बांगलादेशी पोरगा 'भाभीजी, ठंडा पानी' करत आमच्यामागे आला. भाभीजींनी त्यालाच नळ दाखवला.

जेवणाची मला धास्ती होती. ना मासे, ना खोबरं. पुढ्यात आल्या त्या चीज लावलेल्या शेवया, वरून जाडसर कुटलेली काळी मिरी. पहिल्या घासाला बायको थबकली. "ही मिरी आमच्यागत लागता." लागणारच. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची मिरी न्यायला रोमन व्यापाऱ्यांची जहाजं मोसमी वाऱ्यावर येत. इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा तो उठवण्यासाठी मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती. म्हणजे जवळपास एक टन! आमच्या मागल्या परसात पोफळीवर जी वेल आपसूक चढते, तिच्या दाण्यांवर कधीकाळी रोमचा जीव टांगला होता. बायकोने ताट चाटूनपुसून लख्ख केलं. मालवणी माणसाने परक्या स्वयंपाकाला याहून मोठी पावती दिल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी त्रेवीचं कारंजं. रोमन सेनापती अग्रिपाने इ.स.पू. १९ मध्ये पाटाने शहरात आणलेल्या पाण्याच्या वाटेवरचं. मधोमध समुद्रदेव ओशियानस उभा. उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून मागे नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो, असा समज. "परत येवक पैशे कित्याक? गावच्या रामेश्वराक न सांगता कळता," बायको म्हणाली. पण दर्याचा देव समोर आणि आपण रिकाम्या हाताने, हे काही तिला पटेना. नारळी पौर्णिमेला नारळ देणाऱ्यांची जात आमची. तिने नाणं ओंजळीत धरलं, डोळे मिटले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा दर्याच्या धन्या म्हाराजा, पोराक सुखी ठेव, आमका धड घराक पोचव, नि परतीच्या इमानात खिडकेची जागा दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" माझा आवाज आपोआप चढला, गाऱ्हाण्याला तो चढतोच. आसपासच्या माना वळल्या. एका परदेशी जोडप्याने घाईघाईने हात जोडले.

ही नाणी वाया जात नाहीत. पालिका ती नेमाने गोळा करते आणि वर्षाकाठी दहा लाख युरोंच्या वर जमणारी रक्कम कारितास या संस्थेमार्फत गोरगरिबांसाठी खर्च होते. तेव्हा रोमला जाल तर नाणं टाकताना हात आखडू नका, आणि सोबत एक रिकामी बाटली तेवढी न्या.