आगाऊ समोसा

धामणगाव रेल्वेत गल्लीगणिक एक तरी काकू अशी असतेच, की तिच्या घरी कोणीही, कधीही, न कळवता टपकावं आणि विसाव्या मिनिटाला त्याच्या पुढ्यात गरम समोसे यावेत. स्वयंपाकातलं ज्याला थोडंफार कळतं तो इथे थबकतो. आलू उकडायचे, ते पुरते निववायचे, मैद्याला मोहन चोळायचं, मूठ वळेल इतकं. मग तो घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली मुरवायचा, लांबट पोळी लाटून मधोमध कापायची, द्रोण करून सारण भरायचं, पाठीला चुणी घालून तोंड चिकटवायचं आणि मंद आचेवर तळत बसायचं. एकट्या बाईला यात दोन तास सहज जातात. तरी समोसे वेळेत येतात. पाहुणा म्हणतो, "कायले बाप्पा एवढं केलं?" काकू म्हणते, "काय केलं न जी, होतंच घरी." हे उत्तर लोक विनयाचं समजतात. प्रत्यक्षात ते अक्षरशः खरं असतं. समोसे तीन आठवड्यांपासून घरीच असतात, फ्रीजरच्या कप्प्यात, तुरीच्या सोल्यांच्या पिशवीशेजारी.

काकू हे वेळ वाचवायला करते असं सगळे समजतात, आणि विचारलं तर तीही तेच सांगते. पण हिशेब मांडला की हे कारण टिकत नाही. दोन तासांचं काम आधी केलं म्हणून ते सव्वा तासाचं होत नाही, उलट वाढतं. चाळीस समोसे करायचे म्हणजे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ताटात सुटे मांडणं आलं, ते ताट फ्रीजरमध्ये मावावं म्हणून बर्फाचे ट्रे बाहेर काढणं आलं, दगडासारखे घट्ट झाले की झिपच्या पिशवीत मोजून भरणं आलं, आणि घरातल्या कोणी हात लावू नये म्हणून पहारा ठेवणं आलं. तळायचं ते तळायचंच, फक्त पुन्हा एकदा कढई घासून. म्हणजे घड्याळाच्या भाषेत काकू तोट्यात आहे. माझं म्हणणं असं की ती वेळ वाचवत नाही, वेळेची जागा बदलते. पाहुणा बैठकीत बसलेला असताना जे दोन तास ओट्याशी गेले असते, ते ती उचलून मंगळवारच्या रिकाम्या दुपारी नेऊन ठेवते. पाहुणा येतो तेव्हा ती बैठकीत असते, आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमलं हे तिला पडद्यामागून नाही, समोरासमोर कळतं.

हे कौशल्य धामणगावातच एवढं का फोफावलं, याचं उत्तर गावाच्या नावातच जोडलेलं आहे. नागपूरपर्यंत रूळ १८६७ साली पोहोचले आणि तेव्हापासून हे गाव मुंबई-नागपूरच्या मुख्य मार्गावर आहे. पन्नासेक किलोमीटरवरचं यवतमाळ मात्र जिल्ह्याचं ठिकाण असूनही या मार्गाबाहेर राहिलं. त्यांच्याकडे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला होती, पण ती छोट्या रुळांची आणि मोठ्या सवडीची गाडी. आता तीही बंद आहे. तेव्हा मुंबई-पुण्याला निघालेला यवतमाळकर पिढ्यान्पिढ्या धामणगावला येऊन गाडी धरतो. गाडी चुकेल या धास्तीने तो दोन तास आधी पोहोचतो, आणि स्टेशनावरच्या बाकापेक्षा मावसबहिणीचा सोफा बरा असं त्याला साहजिकच वाटतं. म्हणजे धामणगावची कित्येक घरं ही रेल्वेने न बांधलेली, पण रेल्वेच्याच कामी येणारी प्रतीक्षागृहं आहेत. या पाहुण्याचा मुक्काम काकू ठरवत नाही, तोही ठरवत नाही, गाडी ठरवते. गाडी वेळेवर असली तर तो पाऊण तासात उठतो, उशिरा असली तर जेवूनच जातो. ज्याच्या मुक्कामाची लांबी ठाऊक नाही त्याच्यासाठी दोन तासांचा पदार्थ ताजा करायला घेणं म्हणजे पाहुणा बडनेऱ्याला आणि सारण अजून परातीत, अशी गत. शेगावची कचोरीही याच लोहमार्गाने शिकवलेली विद्या आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने ती तिथे सुरू केली आणि स्टेशनावरून ती सगळीकडे पसरली. दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीसाठी पीठ कोणी गाडी आल्यावर मळत नाही. काकूने तोच नियम घरात आणला, एवढंच. मुंबईहून कोणी येणार असेल तर तिचा मोबाईल ओट्यावर उभा असतो. विदर्भ एक्स्प्रेसने चांदूर सोडलं की गॅस पेटतो, आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत तेल हवं तितकं तापलेलं असतं. जास्त तापलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

काकूचा खरा स्वभाव तिच्या फ्रीजरमध्ये दिसतो. एका दाराचा फ्रीज, वर छोटा कप्पा, आणि त्यात जागेसाठी चाललेली भाऊबंदकी. हिवाळ्यात सोललेले तुरीचे आणि वाटाण्याचे सोले तिथे वर्षभराच्या हक्काने बसलेले; नातवंडांचं आइसक्रीम कोपऱ्यात; उरलेला सगळा मुलूख समोशांचा. त्यातही दर्जे आहेत. मोठे, नीट चुणीचे, टोकदार समोसे जावई, विहीण आणि मुंबईकर यांच्यासाठी. मध्यम ते यवतमाळच्या रोजच्या प्रवाशांसाठी. टोक मोडलेले, पोट फुगलेले, शिवण उसवलेले तेवढे घरच्यांसाठी. काकांनी इतक्या वर्षांत स्वतःच्या घरचा अखंड समोसा खाल्लेला नाही. तो कसा असतो हे ते पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतात. कधी कधी मोठ्या समोशांची पिशवी महिनेन् महिने तशीच राहते, कारण तेवढ्या तोलामोलाचं कोणी आलेलंच नसतं. शेजारणीने टोकलं तर काकू म्हणते, "असू दे न वं माय, समोसे आहे म्हणून त पाहुणा येते."

हे खूळ नवं आहे असं नव्या पिढीला वाटतं, आणि जुन्या पिढीला ते शहरी वाटतं. दोघंही चुकतात. वऱ्हाडातल्या बाईने आधी करून ठेवणं कधी सोडलंच नव्हतं. पापड, कुरडया, शेवया, सरगुंडे, मुगवड्या, वर्षाचं तिखट, वर्षाची डाळ. उन्हाळ्यातले दोन महिने पुढच्या दहा महिन्यांसाठी राबायचे, हे या प्रदेशाचं जुनं अर्थकारण आहे. पारा पंचेचाळिशीला टेकवणारं ऊन फुकट मिळत होतं, तेव्हा टिकवण्याचं काम उन्हाने केलं. वीज आली तेव्हा ते गारव्याने केलं. समोसा मात्र या पंगतीतला नाही. तो मुळात ज्यांच्या स्वयंपाकघरात माणसांना तोटा नव्हता अशांचा पदार्थ. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दिल्लीच्या सुलतानाच्या मेजवानीतल्या खिमा-बदाम-पिस्त्यांच्या समोशांचं वर्णन केलं आहे, आणि १५००च्या सुमारास मांडूच्या सुलतानासाठी लिहिलेल्या 'निमतनामा' या सचित्र पाकग्रंथात त्याचे कितीतरी प्रकार आहेत. त्या सुलतानांना आगाऊ समोसे लागले नाहीत, कारण एक सोलायला, एक लाटायला आणि एक तळायला उभा असे. तोच पदार्थ दोन हातांच्या ओट्यावर आला, सारणात बदामाच्या जागी आलू आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, आला, आणि कमी पडलेल्या हातांची भरपाई काळाने करायची वेळ आली. वाळवणात आणि यात एक फरक मात्र आहे, आणि तो मला खटकतो. पापड गच्चीवर, चारचौघींच्या हातांनी, गप्पा हाकत लाटले जात. समोसे दार लोटून, एकटीने केले जातात. आधी केले हे कळलं तर त्यांची किंमत उतरेल अशी काकूला भीती असते. खरं तर पाहुण्याला कळलेलंच असतं; स्वयंपाकघरातून ताटलीत गारगोट्या पडल्यासारखा आवाज त्यानेही ऐकलेला असतो. पण तो बोलत नाही, कारण त्याच्या घरीही तीच पिशवी आहे.

आता आक्षेप. पहिला चवीचा: शिळं ते शिळंच. यात थोडं तथ्य आहे. आलूतलं पाणी गोठलं की त्याचे स्फटिक पेशी फोडतात, आणि वितळताना सारण पाणी सोडतं. पण काकूला हे कोणत्याही पुस्तकाविना माहीत असतं. म्हणून ती सारण कोरडं परतते, त्यात कच्चा कांदा घालत नाही, ते पुरतं निवल्याशिवाय भरत नाही, आणि फ्रीजरमधून काढलेला समोसा वितळू न देता थेट तेलात सोडते. तेल कडकडीत असेल तर वरून लाल आणि आत बर्फ. म्हणून ते मध्यमच तापलेलं हवं. एवढं सांभाळलं तरी ताज्या समोशाची पारी किंचित अधिक खुसखुशीत असते, हे कबूल. मात्र ही तुलनाच चुकीची आहे. पाऊण तासाच्या पाहुण्यासाठी आगाऊ समोशाचा सामना ताज्या समोशाशी नसतोच, तो चहासोबतच्या बिस्किटांशी असतो, आणि तिथे निकाल लावायला पंच लागत नाही.

दुसरा आक्षेप काकांचा: स्टेशनाबाहेर गरम समोसा मिळतो, वर तर्री किंवा कढी, सोबत तळलेली मिरची, मग हा खटाटोप कशाला? मिळतो, आणि चांगला मिळतो. पण तो आणायला कोणाला तरी पाठवावं लागतं, आणि पाठवायला काकाच असतात. ते पानठेल्यावर थांबतात, तिथे कापसाच्या भावाचा विषय निघतो, आणि पुडा घरी येतो तेव्हा पाहुण्याची गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेलेली असते. शिवाय विकतचा समोसा समोर ठेवला की पाहुण्याला त्याच्यावर झालेला खर्च दिसतो. घरचा ठेवला की कष्ट दिसतात. वऱ्हाडात मान दुसऱ्याला आहे. तिसरा आक्षेप विजेचा, तो काकू स्वतःच घेते. मे महिन्यात वादळ सुटलं, तार तुटली आणि दुपार उलटूनही वीज आली नाही, की तिचा सगळा बेत तेलात जातो, तोही अक्षरशः. त्या संध्याकाळी जावयाचे टोकदार समोसेसुद्धा तळले जातात आणि शेजारपाजारची पोरं ताटल्या घेऊन हजर होतात. काकांना अखंड समोसा मिळण्याचा तो वर्षातला एकमेव योग, त्यामुळे वीज मंडळाला शिव्या घालण्यात ते फारसे पुढे नसतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र सुनेचा असतो, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. ती म्हणते, आई, काम कमी कुठे झालं? केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात असलेल्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषाची ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं सुटली आणि पुरुषाने लगोलग आपली नऊ मिनिटं सोडवून घेतली. काका उकडलेले आलू सोलतात, तेवढं धरून हे आकडे आहेत असं मानू. सुनेचं गणित बरोबर आहे: आगाऊ समोशाने या मिनिटांतलं एकही कमी होत नाही. पण ती मिनिटं कोणाच्या हुकमावर खर्च होतात, हा प्रश्न वेगळा आहे. पाहुण्याची बेल वाजल्यावर ओट्याकडे धावणं ही गाडीच्या वेळापत्रकाची चाकरी. मंगळवारी दुपारी रेडिओ लावून, मनात येईल तेव्हा थांबून, चाळीस चुण्या घालणं हे तिचं स्वतःचं वेळापत्रक. काम तेवढंच, धनी बदलला. एवढ्याने समाधान मानावं का? सुनेने मानू नये. लाटायला काकांना आणि मुलाला बसवलं तर चुण्या वाकड्या येतील, पण वाकडे समोसे घरच्यांच्याच वाट्याला जातात, तेव्हा त्यांनी आपले आपण केले तर बिघडलं काय?

काकूच्या राज्याला खरा धोका आहे तो वेगळाच. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग वर्ध्याकडून २०२४ मध्ये कळंबपर्यंत सुरू झाला. तो यवतमाळला टेकला की यवतमाळकराला धामणगावला यायचं कारण उरणार नाही; तो घराजवळच गाडीत बसेल आणि वर्ध्याला उतरून पुढची गाडी धरेल. ती गाडी उशिरा असेल. मग त्याला आठवेल की वर्ध्याला आपली एक मावशी असते, आणि तिला मोठा फ्रीज घ्यावा लागेल.